सकाळी औषध पाजून शाळेत पाठवलं, साडेअकराला फोन आला. शाळेचे हे आरोग्याचे नियम खरंच किती पाळायचे?

दुसरीतल्याची_आई

लाज वाटतेय सांगायला, पण सांगते. मागच्या मंगळवारी पहाटे मुलाचं अंग गरम लागलं. थर्मामीटर लावला तर १००.६. नवरा बाहेरगावी, आणि माझी त्या दिवशीची मीटिंग महिनाभर आधी ठरलेली. सात वाजता पॅरासिटामॉल पाजलं. पाऊण तासात कपाळ गार, स्वारी सोफ्यावरून उड्या मारायला लागली. म्हटलं, गेला ताप. दिला पाठवून.

साडेअकराला फोन. "१०१.४ आहे, घेऊन जा." मीटिंग अर्धी टाकून पोचले तर हा नर्सबाईंच्या खोलीत बाकावर, दप्तर उशाला, एक बूट पायात आणि एक खाली. बाईंनी शांतपणे विचारलं, "सकाळी काही औषध दिलं होतं का?" आणि माझ्या तोंडून "नाही" निघून गेलं. का, देव जाणे. तर हा डोळे न उघडता म्हणतो, "गुलाबीवालं दिलं होतं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर चार पानी पत्रक आलं. माझ्यामुळेच आलं असं मला उगाच वाटतंय. त्यात लिहिलंय: औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच शाळेत. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास. कांजिण्यांना खपल्या धरेपर्यंत सुट्टी. डोळे आले, उवा झाल्या तर घरी. एक दिवस जरी गैरहजर राहिलं तरी डॉक्टरांचं सर्टिफिकेट. लसीकरणाच्या नोंदीची प्रत. आणि शेवटच्या पानावर, वर्षभर शंभर टक्के हजेरी असेल त्याला बक्षीस!

मला भांडायचं नाहीये, समजून घ्यायचंय. यातलं काय खरंच मुलांसाठी आहे आणि काय शाळेनं आपली बाजू सांभाळायला लिहिलंय? नोकरी करणाऱ्या आईनं नेमकं काय करायचं?

---

निवृत्त_शाळानर्स

ताई, आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवते. मी बावीस वर्षं शाळेत नर्स होते. सकाळी पाजलेलं औषध मला घड्याळावरूनच कळायचं. पॅरासिटामॉलचा जोर चार ते सहा तास टिकतो. सातला पाजलं की अकरा-साडेअकराला उतरतं. आमच्या खोलीत दिवसातली पहिली गर्दी बरोबर तेव्हाच व्हायची, मी तिला "साडेअकराची गाडी" म्हणायचे. वर्गात दहापर्यंत बडबड करणारं मूल एकदम गप्प होतं, बाकावर डोकं टेकतं, कानाच्या पाळ्या लाल होतात. बाई त्याला माझ्याकडे पाठवतात. तुमच्यासारख्या शेकडो आया पाहिल्यात. निम्म्या "नाही" म्हणाल्या. मला कधी राग आला नाही.

अडचण व्हायची ती वेगळीच. औषध कधी आणि किती दिलं ते कळलं नाही तर मला पुढचा डोस देता येत नाही. दोन डोसांत किमान चार तास हवेत, दिवसभरात चारच्या वर जायचं नाही, आणि मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते. त्यात पातळ औषध दोन ताकदींत मिळतं, एक दुसऱ्याच्या दुप्पट. म्हणून खोटं बोललात त्याचं पाप वगैरे काही नाही, पण पुढच्या वेळी वेळ आणि बाटलीवरचा आकडा तेवढा सांगा. बाई मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणू देत.

आता पत्रक. एकेक घेते, सगळ्यांना सारखं महत्त्व देणार नाही.

तापाचा नियम पाळाच. औषधानं आकडा खाली येतो, आजार नाही. अंगातला विषाणू तसाच असतो आणि उड्या मारणारं मूल त्याला वर्गभर वाटत फिरतं. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते तुमच्याच मुलाचं. ताप असताना शरीराला झोपायचं असतं. त्याला आपण पाच तास ताठ बसवतो आणि बेरीज करायला लावतो. मोजताना एवढं बघा: काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सियस (तुमच्या फॅरनहाइटच्या आकड्यात जवळपास एक अंश) कमी दाखवतो, आणि कपाळावर रोखायचं यंत्र उन्हातून किंवा घाम गाळून आलेल्या मुलावर लगेच वापरलं तर काहीही दाखवतं. दहा मिनिटं सावलीत बसवून मग मोजावं.

जुलाब-उलट्यांचे ४८ तास, यात एका मिनिटाचीही सूट मागू नका. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूचे मोजके कण पोटात गेले तरी पुरतात, आणि बरं वाटू लागल्यावरही तो बाहेर पडत राहतो. एक मूल वर्गात ओकलं आणि ते नीट साफ झालं नाही तर दोन दिवसांत ओळीनं बाकं रिकामी झालेली मी पाहिली आहेत. आणि इथे सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर तो फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं. मुलं हात धुतात म्हणजे तळवे ओले करतात. मी मुलांच्या हाताला रंगीत पावडर चोळून "धुऊन या" म्हणायचे. परत आल्यावर रंग कुठे राहिलेला असायचा? अंगठ्याभोवती, नखांच्या कडेला आणि बोटांच्या बेचक्यांत. दर वेळी तिथेच. वीस सेकंद म्हणतात ते यासाठी, तेवढ्या वेळात हात अंगठ्यापर्यंत पोचतो.

कांजिण्या: शेवटच्या फोडावर खपली धरली की पाठवा, साधारण पाच ते सात दिवस. खपली पडायची वाट बघायची गरज नाही, काही शाळा उगाच महिनाभर बसवतात. खरं तर पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल लागण देत असतं, त्यामुळे शेजारच्या बाकावरच्याला व्हायचं असेल ते बहुधा आधीच झालेलं असतं. त्याच्या अंगावर दिसेल १० ते २१ दिवसांनी. कांजिण्यांत तापासाठी ॲस्पिरिन चुकूनही देऊ नका. राय सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण यकृत आणि मेंदूवर जाणारा आजार होऊ शकतो.

हात-पाय-तोंडाचा आजार पत्रकात नाही, पण तुम्हाला भेटेलच. ताप उतरला, मूल खातंय-पितंय, तर अंगावर चट्टे असले तरी चालतं. विषाणू शौचातून कित्येक आठवडे जातो, तितके दिवस कुणाला कोंडणार? महिनाभरानं नखं सुटायला लागली तर घाबरू नका. त्याच आजाराची ती शेपटी आहे, नवी नखं येतात.

डोळे आलेत, तर बहुतेक वेळा विषाणूच असतो, अँटिबायोटिक थेंबांनी तो लवकर जात नाही. शेजारणीच्या कपाटातले थेंब तर नकोच, त्यात स्टेरॉइड असेल तर भलतंच होऊन बसेल. चिपडं येणं थांबेस्तोवर टॉवेल वेगळा. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसायला कमी आलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

सर्दी. शाळकरी मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं नेहमीचंच आहे, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतं असंही नाही. प्रत्येक वाहत्या नाकाला घरी बसवलं तर शाळेला कुलूपच लावावं लागेल. माझी कसोटी एकच होती. मुलाला विचारायचं, "खेळाच्या तासाला जाणार?" डोळे चमकले तर वर्गात. "नको" म्हणालं तर आईला फोन.

आता उवा. यावर मी भांडणारच.

उवांपायी मुलाला घरी पाठवणं हा वेडेपणा आहे. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं तर चालत जाते. डोक्याबाहेर एक-दोन दिवसांत मरते. तिच्यातून दुसरा कुठला आजार येत नाही. आणि ज्या दिवशी बाईंना दिसली त्या दिवशी ती त्या डोक्यात बहुधा महिनाभर राहून झालेली असते, म्हणजे आज दुपारी हाकलून वाचवलं काय? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिकाही हीच आहे: मुलानं दिवस पुरा करावा, घरी जाऊन उपचार करावेत, दुसऱ्या दिवशी शाळेत यावं. लिखा दिसतात म्हणून अडवू नये, कारण केसाच्या मुळापासून लांब गेलेली लीख बहुतेक रिकामं टरफल असते. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची, दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. तिळाएवढं काही चाललं तर ऊ. औषध लावलंत तर आठ-नऊ दिवसांनी पुन्हा लावायचं, कारण पहिल्या वेळी अंड्यात असलेली पिल्लं तोवर बाहेर येतात. लोक दुसरी वेळ विसरतात आणि औषधाला नावं ठेवतात.

माझ्या आधीच्या एका शाळेत तिसरीतल्या एका मुलीला सगळ्या वर्गासमोर उभी करून डोकं तपासलं होतं. पुढचा आठवडाभर ती आलीच नाही. उवा कधीच गेल्या होत्या.

हे घरी पाठवण्याचं खूळ जुनं आहे. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये शाळेतले डॉक्टर उवा, खरूज, नायटा, डोळ्यांची खुपरी दिसली की मुलांना चिठ्ठी देऊन घरी धाडायचे. घरी उपचार कुणी करायचं? मुलं रस्त्यावर खेळायची, आणि संध्याकाळी वर्गातली मित्रमंडळी त्यांच्यातच. तेव्हा लीना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळांत महिनाभर प्रयोगापुरतं नेमलं. तिनं काय केलं, तर जखमा शाळेतच धुतल्या, औषध लावलं, आणि मूल परत वर्गात. ज्यांना घरी पाठवावंच लागलं त्यांच्या घरी जाऊन आईला दाखवलं. वर्षभरात तिथे आणखी नर्स आल्या आणि शहरातला घरी पाठवलेल्या मुलांचा महिन्याचा आकडा सुमारे दहा हजारांवरून अकराशेवर आला. शाळेत नर्स का असते, तर यासाठी. दारावर उभं राहून परत पाठवायला शिपाई पुरतो.

एका दिवसाच्या तापाला सर्टिफिकेट मागणं मला पटत नाही. बरं होऊ पाहणारं मूल त्यासाठी दवाखान्यात इतर आजारी मुलांमध्ये तासभर बसतं. तीन-चार दिवसांच्या वर गेलं, किंवा आजार लागण देणारा असला, तर मागावं. हे शाळेला लेखी कळवा, चार पालकांनी मिळून कळवा.

आणि त्या चार पानांत सगळ्यात मोलाची जागा कुठली माहितीये? "तातडीचा संपर्क, क्रमांक ३". लोक तिथे रेघ मारतात नाहीतर स्वतःचाच नंबर पुन्हा लिहितात. पहिले दोन लागत नाहीत तेव्हा मी तापलेल्या मुलाच्या शेजारी बसून त्या रेघेकडे बघत असायचे.

---

वर्गशिक्षक_५ब

नर्सबाईंना दंडवत. मी फक्त बक्षिसाबद्दल बोलतो, कारण आमच्या शाळेत दर वर्षी ते माझ्याच हातून दिलं जायचं. गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी फेब्रुवारीत तापानं थरथरत आली आणि म्हणाली, "सर, मला घरी पाठवू नका, माझं बक्षीस जाईल." एकीकडे आम्ही लिहितो आजारी मुलाला पाठवू नका, आणि दुसरीकडे आजारी येणाऱ्यालाच टाळ्या वाजवतो. मुख्याध्यापकांना सांगून यंदा ते बंद करून घेतलंय. दोन पालक रागावले, रागावू देत.

पत्रकात नसलेल्या दोन गोष्टी. खिडक्या. पन्नास मुलं बंद खोलीत दोन तास बसली की तिसऱ्या तासाला जांभया येतात त्या काही माझ्या शिकवण्यामुळेच येत नाहीत (थोड्या येत असतील). समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं जरी उघड्या ठेवल्या तरी हवा खेळती राहते.

दुसरी गोष्ट शौचालय. मुलं, त्यातून मुली, दिवसभर लघवी दाबून ठेवतात, कारण कडी नाही, पाणी नाही, किंवा बाई तासाला सोडत नाहीत. जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. संध्याकाळी डोकं दुखतं, पोट दुखतं, पुढे बद्धकोष्ठ आणि लघवीची जळजळ. पालक मेंदूचा फोटो काढायला निघतात. घरी आल्यावर पाण्याची बाटली हलवून बघा. सकाळी भरली तेवढीच असेल तर उत्तर तिथेच आहे. माझ्या वर्गात आता परवानगी मागायची नाही, दारावरची लाकडी पट्टी घ्यायची आणि जायचं. पहिला आठवडा गोंधळ झाला, मग कुणाला त्यात मजा राहिली नाही.

---

कांजिण्या_होऊन_गेलेला

एवढे फॉर्म, एवढ्या लसी! आमच्या लहानपणी एकाला कांजिण्या आल्या की बाकीच्या भावंडांना मुद्दाम शेजारी झोपवायचे. सगळ्यांच्या एकदम उरकायच्या. काही बिघडलं नाही आमचं. नैसर्गिक प्रतिकारशक्ती नावाची काही चीज आहे की नाही?

---

निवृत्त_शाळानर्स

दादा, ज्यांचं बिघडलं ते इथे लिहायला नाहीत. बहुतेकांच्या कांजिण्या सरळ जातात हे खरं. पण कुणाचं न्यूमोनियावर जातं, कुणाचं मेंदूवर, आणि ते कुणाचं हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं. शिवाय तो विषाणू जात नाही, मज्जातंतूंत दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येतो. झाली की मला आठवाल.

लसीच्या नोंदीचा कागद मागतात तो मुख्यतः गोवरासाठी, असं समजा. गोवराचं मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते. संरक्षण नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो धरतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो, तेव्हा ती साधी सर्दी दिसते. म्हणून "आजारी दिसला की घरी ठेवू" हे गोवरापुढे चालत नाही. वर्गातल्या साधारण ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले असतील तर तो थांबतो. उरलेल्या पाचांत कॅन्सरचे उपचार चाललेलं एखादं मूल असतं, त्याला ही लस देताच येत नाही. आणि नैसर्गिक शक्तीचं म्हणाल तर गोवर उलटंच करतो, शरीरानं आधी कमावलेली बरीचशी प्रतिकाराची आठवणच पुसून टाकतो. गोवरातून उठलेलं मूल पुढे किती तरी दिवस दुसऱ्याच आजारांनी पडत राहतं ते त्यामुळे.

---

पंप_दप्तरातच

माझ्या मुलीला दमा आहे, नऊ वर्षांची. शाळेचा नियम होता की सगळी औषधं ऑफिसच्या कपाटात, कुलपात. नियम वाईट हेतूनं केलेला नव्हता, मुलांनी एकमेकांची औषधं घेऊ नयेत म्हणून. पण खेळाच्या दिवशी तिला धाप लागली, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते बँकेत गेले होते. तिच्या मैत्रिणीनं नंतर मला सांगितलं, "काका, ती माशासारखं तोंड करत होती." शेवटी दुसऱ्या एका मुलाचा पंप मिळाला, निभावलं.

त्यानंतर डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घेतलं: काय दिसलं तर किती फवारे, किती वेळानं पुन्हा, कधी थेट हॉस्पिटल. ते पान वर्गात, खेळाच्या सरांकडे आणि ऑफिसात. निळा पंप (धाप लागली की लगेच घ्यायचा) आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, एक जादा पंप शाळेत, कुलपाबाहेर. पंपावर आकडे दिसत नसतील तर सावध राहा. औषध संपलं तरी आतला गॅस फुस्स करतोच, हलवूनही कळत नाही. मी पंपाला कागदी पट्टी चिकटवून फवारे मोजतो.

तेव्हा ताई, फॉर्ममध्ये मुलाला काही असेल तर लपवू नका. "शाळा वेगळं वागवेल" म्हणून आम्हीही पहिल्या वर्षी दम्याच्या रकान्यात "नाही" लिहिलं होतं.

---

दुसरीतल्याची_आई

सगळ्यांचे आभार. काल शाळेत जाऊन नर्सबाईंना भेटले, त्या दिवशीचं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलानं मला तुम्ही यायच्या आधीच बाटलीचा रंग, चमचा आणि वेळ सांगितली होती." मग मला का विचारलं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

सर्टिफिकेटबद्दल सहा पालकांनी मिळून पत्र दिलंय. ऑफिसात साहेबांशी बोलले. महिन्यातून एखादा दिवस घरून काम चालेल म्हणाले, लेखी मात्र देत नाहीत.

क्रमांक ३ साठी वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या, फक्त एक अट घातली: थर्मामीटर मोठ्या आकड्यांचा आणून द्यायचा, पाऱ्याची रेघ त्यांना दिसत नाही. आज ऑफिसातून येताना घ्यायचाय.